माझा निम्मा वाटा

आजोबांची विलीज पिकअप गेल्या महिन्यात विकली. विकावी की ठेवावी, याचा खल आम्ही भावांनी फारसा केला नाही. धाकट्याच्या मुलीच्या कॉलेजची फी दाराशी उभी होती. खल झाला तो पैशांच्या वाटणीचा, आणि तोही बाहेर कमी, माझ्या मनात अधिक.

या गाडीतून आजोबांनी हळदीची पोती सांगलीच्या पेठेत नेली. १९७२ च्या दुष्काळात तिच्यावर पाण्याची पिंपे चढली. वडिलांच्या पश्चात ती गोठ्यामागे गंजत पडली. कोंबड्या तिच्यात अंडी घालीत. धाकट्याने सहा वर्षे खपून ती पुन्हा उभी केली. इंजिन भंगारबाजारातून धुंडून आणले, पत्रा ठोकून घेतला, तळाच्या फळ्या बदलल्या. त्या सहा वर्षांत मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि पान्ह्याला एकदाही हात लावला नाही. पण आरसी बुक वडिलांच्या नावावर, वारस आम्ही दोघे. माझ्या सहीवाचून व्यवहार पुरा होईना.

प्लूटार्कने थीसिअसच्या गलबताची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवीत. मग गलबत तेच राहिले की निराळे झाले, यावर तत्त्वज्ञांचा वाद. वर्गात मी ही गोष्ट मोठ्या तटस्थपणे सांगतो. आता मात्र मी 'तेच' या पक्षाचा कट्टर झालो. गाडी आजोबांचीच, तर निम्मी माझी! आणि त्याच दुपारी पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगत होतो, "अहो, आत सगळे नवे आहे!" दोन्ही पक्ष मीच लढवले आणि दोन्हींकडून नफा माझाच. लाज वाटली, पण ती रात्री, अंथरुणावर पडल्यावर.

धाकटा एवढेच म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." असा भाऊ भांडणाऱ्या भावापेक्षा अवघड.

अखेर मी ठरवले: गोठ्यामागच्या गंजक्या गाडीचे भंगारवाल्याने जे दिले असते, त्यातले निम्मे माझे. पत्नीला हे पटले नाही. "नवी गाडी त्यांना दुकानात मिळाली असती," ती म्हणाली, "पैसे मोजले ते जुनेपणाचे. तो काय भाऊजींनी घडवला?" मला अजून उत्तर सुचलेले नाही. सही मात्र मी केली होती.

गाडी गेली त्या संध्याकाळी धाकट्याने एक जुनी फळी आणून माझ्या पडवीत ठेवली. तिच्या भेगांत हळद अजून पिवळी आहे. आधी ती त्याने गिऱ्हाइकालाच देऊ केली होती. त्याला नको होती.