हाताचे वळण

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर तीन मुले गप्पा मारीत बसली होती. मी आत बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासत होतो. खिडकी उघडी होती.

"काल माझे वीस हजार सोल्स एका मरणात गेले," एक म्हणाला.

"परत आणायला गेला नाहीस?"

"गेलो होतो. वाटेत पुन्हा मेलो. गेले ते कायमचे."

पंचवीस वर्षांहून अधिक काळ आत्म्यांच्या तारणाची चिंता वाहणाऱ्या माणसाने हे ऐकून लेखणी खाली ठेवली, तर त्यात नवल ते काय?

बाहेर जाऊन चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. 'डार्क सोल्स' नावाचा एक जपानी व्हिडिओ गेम आहे. २०११ साली तो प्रथम प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या यंत्रांवर आला. त्यात शत्रूला मारले की 'सोल्स' मिळतात, आणि ते खर्चून आपल्या योद्ध्याचे बळ वाढविता येते. योद्धा मेला की जमविलेले सोल्स मेल्या जागी पडून राहतात व तो मागच्या एका शेकोटीपाशी पुन्हा जिवंत होतो. त्या जागी सुखरूप पोहोचला तर गेलेले धन परत मिळते. वाटेत पुन्हा मेला तर ते बुडाले. आत्म्याचे असे चलन व्हावे हे मला रुचले नाही, हे येथेच नमूद करतो.

परंतु मला खिळवून ठेवले ते त्या मुलांच्या बोलण्याच्या रीतीने. कुठल्याशा दरवाजापाशी उभ्या असलेल्या राक्षसाने त्यांच्यापैकी एकाला चाळीस वेळा मारले होते. तिसरा मुलगा, जो आतापर्यंत गप्प होता, त्याला विचारू लागला, "मेलास तेव्हा काय करत होतास?"

"मागे सरकत होतो."

"तिथंच चुकतं. तो हात वर उचलतो आणि थांबतो. तू त्या थांबण्याला घाबरतोस. हात खाली यायला लागला की मग रोल कर, आणि मागे नको, त्याच्याच बाजूने."

"म्हणजे घाई माझीच."

"घाई तुझीच."

आणि दोघेही हसले. यंत्र खराब आहे, राक्षस अन्यायी आहे, असे कोणी म्हटले नाही. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत कोणी "चूक माझीच" असे हसत म्हटल्याचे मला स्मरत नाही. मी स्वतः म्हटल्याचेही स्मरत नाही. अर्थात, मुले हसू शकली याला एक कारण आहे. त्या चुकीने कोणाचे काहीही बिघडले नव्हते. आपल्या जीवनात चाळीस वेळा दुखावलेला माणूस एकेचाळिसाव्या वेळी पूर्ववत उभा राहत नाही.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. तो तिसरा मुलगा बारावीत आहे, आणि त्याचे प्लेस्टेशन माझ्या कपाटात आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याची आई ते कापडी पिशवीत घालून घेऊन आली. "परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा, फादर. घरी लपवलं तर तो शोधतो." मी क्षणाचाही विचार न करता कपाट उघडले. दोनच रविवार आधी प्रवचनात मी या खेळांना 'तरुणाईचे नवे व्यसन' म्हटले होते. पिशवी घेताना ते प्रवचन फळास आल्यासारखे वाटले. ओट्यावर तो मुलगा इतरांना शिकवीत होता, कारण त्याच्याजवळ खेळायला काही उरले नव्हते. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

त्या रात्री मी संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' काढला. सेमिनरीत आम्ही त्यांच्या खेळाविषयीच्या प्रकरणावरून घाईने पुढे गेलो होतो. खेळात सद्गुण असू शकतो का, असा प्रश्न विचारून ते 'होय' असे उत्तर देतात. आपल्या शिष्यांबरोबर खेळणाऱ्या संत योहानाला पाहून काहींना धक्का बसला, तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडायला सांगितले आणि विचारले, "हे अखंड करता येईल का?" तसे केले तर धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच, असे योहान म्हणाला. ही कथा संत थॉमस तेथे सांगतात आणि ॲरिस्टॉटलकडून 'यूट्रापेलिया' हा शब्द घेतात. यूट्रापेलिया म्हणजे खेळीमेळीने वागण्याचा सद्गुण. (गंमत अशी की, इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच शब्द दोष म्हणून आला आहे. एकाच शब्दाच्या वाट्याला असे दोन न्याय आले!) पुढे ते खेळाच्या अतिरेकाला पाप म्हणतात आणि, हे आम्ही प्रवचनकार सोयीने विसरतो, खेळाच्या पूर्ण अभावालाही दोष देतात.

तरीही माझे समाधान झाले नाही. योहानाचे धनुष्य सैल होते ते विसाव्यासाठी, पण ही मुले विसावा घेत नव्हती. ती राबत होती. ज्याचा कोणाला उपयोग नाही अशा गोष्टीत अधिक निपुण होण्यासाठी माणसाने राबावे, हे चांगले की वाईट?

मुलांनीच नकळत एक भेद माझ्या हाती दिला होता. या खेळात वाढ दोन प्रकारची असते. सोल्स खर्चून पडद्यावरच्या योद्ध्याचे बळ वाढते; त्याचे आकडे वहीत लिहून ठेवता येतात. दुसरी वाढ खेळणाऱ्याच्या बोटांत आणि डोळ्यांत होते, तिला आकडा नाही. नवा डाव मांडला की योद्धा पुन्हा दुबळा होतो, परंतु हाताला लागलेले वळण कोणी काढून घेत नाही. योद्ध्याचे बळ एकदाही न वाढविता संपूर्ण खेळ पार करणारेही आहेत म्हणे.

हे ऐकताना मला माझी सेमिनरीतली वही आठवली. ध्यान झाले, खूण; रोझरी झाली, खूण; प्रतिदिन आत्मपरीक्षण, खूण. महिन्याअखेर खुणा मोजून मी संतुष्ट होत असे. योद्ध्याची पातळी वाढत होती. त्या खुणांमधून मला कितीसे वळण लागले, याचा हिशेब वहीत नव्हता. ते कळले पहिल्याच धर्मग्रामात, एका भांडखोर म्हाताऱ्याने मला माझ्याच दारात उभे करून सुनावले तेव्हा. त्या दिवशी मी तो हात खाली येण्यापूर्वीच उडी घेतली होती.

तथापि, कौशल्य आणि सद्गुण यांना एक मानण्याची चूक संत थॉमस करू देत नाहीत. ॲरिस्टॉटलला अनुसरून ते म्हणतात की, कलेत जाणूनबुजून चुकणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो, मात्र नीतीत नेमके उलट असते. उत्तम खेळाडू ठरवून हरला तर त्याचे कौशल्य उणावत नाही. जाणूनबुजून अन्याय करणारा मात्र अधिक दोषी असतो. म्हणजे त्या मुलाच्या बोटांतील निपुणता त्याला चांगला माणूस करीत नाही. ती कशासाठी वाकविली जाते, हे पाहावे लागेल.

म्हणून पुढच्या रविवारी मी त्यालाच विचारले. त्याला आठ वर्षांचा धाकटा भाऊ आहे. "त्याच्याशी फुटबॉलचा गेम खेळताना मुद्दाम हरतोस का रे?"

"आधी हरायचो, फादर. मग एकदा त्याला कळलं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

"आता?"

"आता हरत नाही. तो हरला की परत लावून दाखवतो, कुठं चुकला ते. तो अजूनही रडतो, पण मग विचारतो."

मी ठरवून हरण्यात प्रेम पाहत होतो. आठ वर्षांच्या मुलाने त्यात खोटेपणा पाहिला होता. या प्रकरणी संत थॉमस यांना आणखी एक कलम जोडता आले असते, असे मला वाटते.

परवा त्याची आई आली. पेटी इकडे आल्यापासून अभ्यास वाढला का, असे मी विचारले. ती म्हणाली, "मोबाइल वाढला, फादर. रात्री एकपर्यंत बोटानं वर सरकवत बसतो." मी निरुत्तर झालो. त्या सरकविण्यात कोणी हरत नाही, कोणी मरत नाही, आणि चाळीस रात्रींनंतरही कोणाचा हात सुधारत नाही. माझ्या कपाटाच्या किल्लीने एवढेच साधले होते.

तिला मी संत कार्लो अकुतिसविषयी सांगितले. २००६ साली पंधराव्या वर्षी वारलेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत म्हणून घोषित केलेला हा मुलगा. त्याच्याकडेही प्लेस्टेशन होते, आणि आठवड्यातून एकच तास खेळायचे असा नियम त्याने पाळला. आईला वाटले, मी तासाचे माप देतो आहे. मला सांगायचे होते ते निराळेच. तो नियम त्याने स्वतःला घातला होता. त्याच्या आईने पेटी फादरांकडे नेऊन ठेवली नव्हती.

"मग काय करू?" तिने विचारले. परीक्षेला पाच आठवडे उरले आहेत आणि तिची काळजी खोटी नाही, हे मला कळत होते. पिशवी तिच्या हाती मी दिली नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मुलालाच पाठव, असे सांगितले. आठवड्याला किती वेळ, तो आकडा त्याने सांगायचा आहे आणि मी तो ऐकून घ्यायचा आहे, मोठा वाटला तरी. धाकट्यालाही बरोबर आणायला सांगितले आहे.