छायाचित्र आणि परिग्रह

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून असलेले साबी सँड हे खासगी अभयारण्य बिबट्याच्या हमखास दर्शनासाठी प्रसिद्ध आहे. या दोहोंमधले कुंपण १९९३ मध्ये काढण्यात आल्यापासून प्राणी दोन्हीकडे मोकळे वावरतात, माणसांचे नियम मात्र वेगळेच राहिले आहेत. राष्ट्रीय उद्यानात पर्यटकाला आपली गाडी रस्त्याबाहेर नेता येत नाही. खासगी क्षेत्रात ट्रॅकरने माग काढला की मार्गदर्शक उघडी गाडी झुडपांत घालतो आणि बिनतारी संचावरून इतर गाड्यांना ठिकाण कळवतो. प्राण्याच्या केसालाही धक्का न लावता घेतलेले छायाचित्र निर्दोष मानावे काय, हा प्रश्न येथे विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

सिंह, बिबट्या, हत्ती, आफ्रिकी म्हैस आणि गेंडा ही ‘बिग फाइव्ह’ची यादी मुळात शिकाऱ्यांची असून, पायी शिकार करताना सर्वांत घातक ठरणारे प्राणी तीत मोजलेले आहेत. पर्यटनाने ती जशीच्या तशी उचलली, यावरून पाहण्यामागची वृत्ती पुरती बदलली नसावी असा संशय येतो.

ही वृत्ती तपासायला पतंजलींची योगसूत्रे उपयोगी पडतात. त्यांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार सांगितले असून तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो असे म्हटले आहे. या विभागणीमुळे गाडीत स्वस्थ बसलेला पर्यटकही विचाराच्या कक्षेत येतो, कारण गाडी आणखी जवळ नेली जाते ती त्याच्या इच्छेखातर. यावर असा आक्षेप संभवतो की छायाचित्राने बिबट्याचे काहीच उणे होत नाही. परंतु अपरिग्रहाचे, म्हणजे संग्रह न करण्याच्या व्रताचे, विवरण करताना योगसूत्रांवरील व्यासभाष्य विषयांच्या ठिकाणी अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा असे पाच दोष दाखवते, आणि येथे पहिलाच दोष निर्णायक आहे: प्रतिमा निरुपद्रवी असली तरी ती मिळवण्याची रीत तशी असेलच असे नाही. रात्रीच्या फेरीत प्रखर दिव्याचा झोत इम्पाला हरणावर पडला तर त्याचे डोळे दिपतात आणि दबा धरलेल्या बिबट्याचे काम सोपे होते. म्हणूनच जाणते मार्गदर्शक भक्ष्यावर दिवा रोखत नाहीत.

तथापि, पाहणेच त्याज्य ठरवणे हा आततायीपणा होईल. पर्यटकाचा पैसा थांबला तर अशा जमिनीपुढे गुरांचे कुरण किंवा शिकारीचे रान हेच पर्याय उरण्याची भीती असते. त्या जमिनीच्या मालकीचाही प्रश्न आहेच. याच भागातील मालामाला या प्रसिद्ध क्षेत्राची जमीन २०१३ मध्ये दावेदार स्थानिक समाजाला परत मिळाली, आणि तेथील पर्यटन त्यानंतरही चालू राहिले.

या पेचातून वाट दाखवते ती जैन आचारपरंपरा. सर्वसंगत्यागाचे महाव्रत ती साधूसाठी राखते, गृहस्थाला मात्र परिग्रह-परिमाण हे अणुव्रत देते, म्हणजे आपल्या संग्रहाची मर्यादा आधीच ठरवून घ्यायला सांगते. एका प्राण्याजवळ एका वेळी मोजक्याच गाड्या थांबू देण्याचा या खासगी क्षेत्रांतला नियम त्याच जातीचा आहे, फक्त तो व्यवस्थापनाने घातलेला आहे, पर्यटकाने स्वतः स्वीकारलेला नाही. मर्यादा आधी ठरवण्याला येथे विशेष महत्त्व आहे, कारण प्राणी समोर आल्यावर ती ठरवण्याइतका विवेक क्वचितच शिल्लक असतो. याचा प्रत्यय भारतातही आला: ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्या प्रकाराची स्वतःहून दखल घ्यावी लागली.