परत आलेले पैसे

पूर्वी बाजारात रुपया वाजवून घेण्याची रीत होती. नाणे दगडावर टाकायचे आणि आवाज बद्द आला की तिथल्या तिथे परत करायचे. देणारा समोर उभा असे. खऱ्या-खोट्याचा निवाडा जागच्या जागी होई. आज यवतमाळच्या माणसाने मोबाइलवरून मागवलेले नामांकित कंपनीचे घड्याळ घरपोच येते, खोके उघडल्यावर ते नकली निघते, आणि समोर मात्र कोणीच नसते.

अशा वेळी माणूस एकच मागतो : माझे पैसे परत द्या. मागणी न्याय्य आहे आणि कायदाही तिच्या पाठीशी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नकली माल परत घेऊन पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते, निवारण महिन्याच्या आत करावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर राहत्या जिल्ह्यातच दाद मागण्याची सोय करून दिली. पुसदच्या किंवा वणीच्या ग्राहकाला आता विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. यवतमाळचा जिल्हा आयोग पुरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही पडत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. पैसे परत आले म्हणजे फसवणूक फिटली काय?

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडच्या काळ्या जमिनीत फार स्पष्ट दिसते. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. मृगाचा पाऊस पडला की शेतकरी सरकी लावतो. ते बियाणे बोगस निघाले, तर ते कळायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. तोवर पिशवी रिकामी झालेली असते आणि माल मातीत गेलेला असतो. परत काय करणार? २०१२ साली आंध्रातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हाही ग्राहकच आहे असे ठरवले. विकत घेतलेले सगळे बियाणे तो पेरून टाकणार, तेव्हा तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही मान्य केले. पिशवीची किंमत भरून देता येते. गेलेला हंगाम कोणी भरून देऊ शकत नाही. त्याची नुकसानभरपाई मिळेल, पण मृग पुन्हा येण्यासाठी वर्ष थांबावे लागेल.

घड्याळाच्या बाबतीत हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. दाम परत मिळाले की आपला राग शांत होतो आणि आपण तो विषय मिटला असे समजतो. वस्तुतः मिटते ती फक्त आपली तक्रार. नकली घड्याळ जिथून आले तिथे परत जाते, आणि तेच पुन्हा खोक्यात घालून दुसऱ्याच्या दारी पाठवण्यास विक्रेता मोकळा राहतो. दहा गिऱ्हाइकांतील एकानेच ओरड केली, तर त्याचे पैसे देऊन टाकणे हा त्याच्या धंद्यातला किरकोळ खर्च ठरतो. एका अर्थी तो आपले मौन विकत घेतो, आणि तेही आपल्याच पैशांनी.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने जगाची चौकीदारी का करावी? त्याला पोटामागे धावायचे असते. आक्षेप खरा आहे. प्रत्येकाने खटला लढवावा असे कोणी म्हणणार नाही. तथापि, फसलेल्या माणसाजवळ असे एक ज्ञान असते की जे पुढच्या गिऱ्हाइकाजवळ नसते. ते सांगून टाकायला फारसे कष्ट पडत नाहीत. माल नकली होता एवढे स्पष्ट लिहिणे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर नोंदवणे, इतके शेजारधर्मात बसते. पैसे मिळाले म्हणून हेही टाळणे म्हणजे, विहिरीचे पाणी बिघडल्याचे कळूनही आपली घागर भरलेली आहे म्हणून गप्प राहण्यासारखे आहे.

अधिक मोठी जबाबदारी अर्थातच बाजार मांडणाऱ्याची. ‘आम्ही फक्त ओटा दिला, माल दुसऱ्याचा’ असे तो म्हणतो. परंतु कोणाविरुद्ध किती तक्रारी आल्या, याची वही त्याच्याच हाती असते. ज्यांचा माल व्यापारचिन्हांच्या कायद्याखाली पूर्वी काढून टाकावा लागला आणि तरीही जे पुन्हा तसाच माल मांडतात, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवण्याचा प्रयत्न त्याने करावा, असे २०२० चे नियम सांगतात. पण अशांना बाजारातून काढलेच पाहिजे, अशी सक्ती ते करीत नाहीत. ते त्याच्या मर्जीवर सोडतात.

कायदा इथे थांबतो, आणि नीतीचा प्रश्न इथेच सुरू होतो. जाणूनबुजून खोट्याला ओटा देणारा आणि खोटे विकणारा यांत अंतर किती मानायचे? माझ्या मते फार थोडे. आणि ते खोटे ओळखूनही, आपले पैसे वसूल झाले म्हणून तोंड मिटून घेणारा, लांबून का होईना, त्याच रांगेत येऊन उभा राहतो. पैसे अवश्य मागून घ्यावेत, ते आपल्या हक्काचे आहेत. मात्र ते हाती पडल्यावर आपले काम संपले असे मानू नये.