मागे सरणारे बळ

लखनौच्या छावणीत वैशाखातल्या दुपारी रस्ते ओस पडतात आणि आकाशात घारींचा दिवस भरात येतो. तापलेल्या मैदानांवरून उसळणारी ऊन हवा त्यांना अचूक सापडते. मग पंख न हलवता, नुसत्या घिरट्या घेत त्या चढत राहतात. पण त्या हवेपर्यंत पोचण्यासाठी घारीलाही आधी पंख मारावेच लागतात. ग्लायडरपुढचा जुना प्रश्न हाच आहे: तरंगणे येते, पण वर जायचे कसे?

हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात याचे उत्तर माणसांच्या मेळातून मिळत आले. कोणी पंखाचे टोक सावरून धरायचे, कोणी दूरच्या विंचवर तार गुंडाळायची, आणि खेचले गेलेले यान वर जाऊन तार सोडायचे. आपल्या नागरी विमान खात्याने आखलेल्या ग्लायडरांना अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा अशी नक्षत्रांची नावे मिळाली. १९६१ साली प्रथम उडालेल्या रोहिणीत शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसत. या विद्येत एकट्याचे असे फारसे काही नव्हतेच.

मग ग्लायडरच्या पोटात इंजिन आले. पाठीवरचे झाकण उघडून पंखा वर यायचा, उंची मिळाली की पुन्हा आत जायचा. अलीकडे त्याच जागी हातभर लांबीचे जेट इंजिन बसू लागले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या जॉन्कर कंपनीच्या जेएस-१ मधले असे जेट हवेचा आधार तुटल्यावर घरी परतण्यापुरते असते. अमेरिकेत बॉब कार्लटन यांनी मात्र जेटच्याच जोरावर धावपट्टीवरून उठणारी ग्लायडरे उडवून दाखवली. त्यांनी वापरलेल्या टीजे-१०० या चेक इंजिनाचे वजन २० किलोच्या आसपास. त्याचा आस मिनिटाला सुमारे ६०,००० फेरे घेतो.

काटकसरीच्या कसोटीवर हे जेट उतरत नाही. मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश मागे लोटतो. जेट थोडीच हवा अतिवेगाने फेकते. ताशी शंभर किलोमीटरच्या संथ उड्डाणात त्यातली बरीच शक्ती मागे सुटणाऱ्या झोताबरोबर वाया जाते, शिवाय इंधन भराभर संपते आणि कानठळ्या बसतात. तरीही मला ते मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण त्याच्या अपयशात आहे.

उत्तम ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्चून शांत हवेत पन्नास किलोमीटर जाते. लखनौवर दोन किलोमीटर उंची असेल तर हिशेबाने कानपूर सहज टप्प्यात येते. पण बाहेर काढलेला पंखा सुरू झाला नाही आणि आतही गेला नाही, तर तो हवेला इतका अडवतो की हा पल्ला निम्म्याहून खाली येतो. मदतीला बोलावलेलाच गळ्यातले लोढणे होतो. जेट सडपातळ आहे. ते बंद पडून बाहेरच राहिले तरी पल्ला थोडाच घटतो.

आपण साधनांची पारख त्यांच्या जोरावरून करतो. ती थकल्यावर आपल्यावर किती भार टाकतात, हे क्वचितच विचारतो. आधार मग यंत्राचा असो, संस्थेचा असो वा माणसाचा, तो मिळत असताना त्याची खरी किंमत कळत नाही. राइट बंधूंनी १९०२ मध्ये ग्लायडरवर तोल आणि वळण साधले आणि १९०३ मध्ये इंजिन लावले. बळ उसने घेण्याआधी त्याच्याविना सावरता येणे त्यांनी महत्त्वाचे मानले.

जाणते वैमानिक आजही तोच क्रम पाळतात. उंची घटू लागली की आधी खाली उतरण्याजोगे शेत हेरायचे, त्याच्या आवाक्यात राहायचे, आणि मगच इंजिनाची कळ दाबायची. ते सुरू झाले तर घर गाठता येते. नाही झाले तर शेत आहेच. परावलंबन आणि मदत यांतला फरक या क्रमातच आहे. ज्याने उतरायची जागा आधी निवडली, त्यालाच मदत निर्धास्तपणे मागता येते.