नवस पाळला, आई उपाशी राहिली



मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एक शब्द येतो – कुर्बान. सामान्य काळातील २२ व्या रविवारी, ब वर्षात, हा अध्याय मिस्सामध्ये वाचला जातो. पण त्या दिवशी वाचन आठव्या वचनावरून थेट चौदाव्या वचनावर जाते आणि कुर्बानचा भाग नेमका मधल्यामध्ये राहतो. तो येतो पाचव्या आठवड्यातील मंगळवारी. मंगळवारच्या सकाळच्या मिस्साला आपल्या चर्चमध्ये किती बाक भरलेले असतात, हे मी सांगायला नको. म्हणून आज इथे त्याविषयी लिहितो आहे.

कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेली वस्तू. परमेश्वराला बोललेला नवस मोडू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते (गणना ३०:२). नियम उत्तमच आहे. माणसाने देवापुढे तोंडाला येईल ते बोलू नये आणि बोललेल्या शब्दाला जागावे, हा त्यामागचा हेतू. पण एखादा मुलगा म्हाताऱ्या आईबापांना म्हणे, ‘माझ्याकडून तुम्हांला जे काही मिळायचे ते कुर्बान आहे.’ झाले! आता त्या धान्याला, त्या पैशाला आईबापांनी हात लावायचा नाही. कोणी रागाच्या भरात असे बोलत असेल, कोणी हिशेब करून. पुढे राग शांत झाला, मुलाला आईची दया आली, तरी शास्त्री म्हणणार, ‘नवस तो नवस.’ बाराव्या वचनात येशूचे बोट नेमके तिथे आहे: तुम्ही त्याला आईबापांसाठी काही करूच देत नाही! देवाचा मान राखण्यासाठी केलेला नियम देवाचीच आज्ञा मोडायला उपयोगी पडला. नवस पाळला गेला आणि आई उपाशी राहिली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यहुदी धर्मगुरूंना हा पेच दिसत नव्हता असे नाही. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात नवसांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आईबापांच्या सन्मानाखातर नवसातून मोकळे करण्याची वाट त्यात चर्चिलेली आहे. तेव्हा ‘परूशी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो तो जरा जपून वापरावा. हा रोग कोणा एका धर्माचा नाही, आणि तो फक्त धर्माचाही नाही.

आपल्या मुंबईकडेच पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात माणसांचा लोंढा आला, भाडी भडकली आणि गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये म्हणून १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. बहुतेक जुन्या खोल्यांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. पुढे पावाची किंमत वाढली, सिमेंटची वाढली, गवंड्याची मजुरी वाढली. भाडे मात्र जवळपास तिथेच. महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात एक जिना दुरुस्त होईना, म्हणून मालकाने डागडुजी सोडली. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून कायदा केला, त्याच्याच डोक्यावर ते छप्पर आले! १९६९ मध्ये सरकारला इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ आणि वेगळा उपकर आणावा लागला. भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधायला कोणी धजेना, असलेली घरे कुलूप लावून ठेवणे बरे वाटू लागले आणि कागदावर नसलेली पागडी हातोहात फिरू लागली. गावाहून नव्याने आलेल्या कुटुंबाला खोली मिळेना. म्हणजे सर्वांत गरजू माणूसच दाराबाहेर राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. त्यानंतर नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. अर्धशतक गेले. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा अशाच खोल्यांत राहून नोकऱ्या करत होते. त्यांना या कायद्याने आधार दिला, हेही खरे. मालक सगळे लोभी किंवा भाडेकरू सगळे चिवट, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कायदा करताना जे डोळ्यांसमोर होते, ते बदलले. कायदा बदलला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दाखला मनात राहिला. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत. दगड वेडावाकडा असेल तर पट्टी दगडाप्रमाणे वाकते. लाकडी पट्टी वाकत नाही, मग गवंडी दगडालाच दोष देतो. नियम सर्वसाधारण असतो, आयुष्य तसे नसते, म्हणून नियमाचा हेतू ओळखून तो लावण्याला ॲरिस्टॉटलने ‘एपिकिया’ म्हटले. संत थॉमस अक्वायनस याच गुणाला सद्‌गुणांमध्ये स्थान देतात. त्यांचे उदाहरण साधे आहे. नगराला वेढा पडला आहे आणि वेशीचे दरवाजे बंद ठेवण्याचा हुकूम आहे. अशा वेळी नगराचेच रक्षक शत्रूला चुकवत वेशीपाशी आले, तर दरवाजा उघडायचा की नाही? उघडायचा. हुकूम नगर वाचवण्यासाठी होता. पण थॉमस लगेच पुढे बजावतात: संकट दारात उभे नसेल, तर ज्याला त्याला आपल्या मर्जीने नियमाचा अर्थ लावता येणार नाही, ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्याकडे जावे. (रविवारी चर्चच्या फाटकातच दुचाकी लावणाऱ्यांनी थॉमसच्या या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे.)

आता आपल्या धर्मग्रामाविषयी. धर्मशिक्षणाच्या वर्गांना ७५ टक्के हजेरी नसेल, तर त्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारता येणार नाही, हा नियम पॅरिश कौन्सिलने काही वर्षांपूर्वी केला. कारण होते. मुले ट्यूशनला आणि क्रिकेटला जात, आणि सणाच्या महिनाभर आधी पालक नवे कपडे शिवून दारात येत. यंदा एका मुलाची हजेरी निम्मीही भरली नाही. त्याची आई रविवारी सकाळच्या पाळीला कामावर जाते. घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. त्यांना पाणी देणे, कूस बदलणे, जेवण भरवणे हे तो नऊ वर्षांचा मुलगा करतो. वर्गात आपण त्याला चौथी आज्ञा शिकवणार होतो.

त्याला यंदा प्रथम ख्रिस्तशरीर मिळेल, असे मी ठरवले आहे. आपल्या एक शिक्षिकाबाई शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन धडे घेत आहेत. आजोबाही ऐकतात, आणि बाई सांगतात की जुनी प्रश्नोत्तरे त्यांना अजून पाठ आहेत. काही पालकांनी माझ्याकडे नाराजी व्यक्त केली: ‘मग आमच्या मुलांनी वर्षभर का यावे?’ त्यांचा प्रश्न मी बाजूला सारत नाही. त्यांनी खरोखर मेहनत घेतली आहे. पण हजेरीचा नियम मुलाने येशूला ओळखावे म्हणून आहे. हजेरीपट भरावा म्हणून नाही. तुमची मुले आली, शिकली, त्यांना जे मिळाले ते या मुलाला दार उघडल्याने कमी होत नाही.

नियम रद्द केलेला नाही. तो कसा लिहावा, घरच्या जबाबदारीमुळे येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी काय सोय करावी, यावर येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलची बैठक आहे. नाराज पालकांनी अवश्य यावे. आणि त्या आजोबांजवळ रविवारी सकाळी दोन तास बसायला कोणी तयार असेल, तर बैठकीची वाट न पाहता मला किंवा धर्मशिक्षणाच्या बाईंना सांगावे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू