एका थालरचा दंड

फेब्रुवारी १८५६मध्ये बावीस वर्षांच्या योहानेस ब्राम्सनं आपल्या मित्राला, व्हायोलिनवादक आणि संगीतकार योझेफ योआखिमला पत्रातून एक करार सुचवला. दर पंधरवड्याला दोघांनी काउंटरपॉइंटचे स्वाध्याय एकमेकांना पाठवायचे, तपासायचे, शेरे मारून परत करायचे. जो चुकेल त्यानं एक थालर दंड भरायचा आणि त्या पैशांतून दुसऱ्यानं पुस्तकं घ्यायची.

काउंटरपॉइंट म्हणजे दोन किंवा अधिक सुरावटी एकाच वेळी अशा चालवायच्या, की प्रत्येक आपापली स्वतंत्र राहील आणि एकत्र ऐकतानाही शोभेल. बाखच्या काळात शिखराला पोचलेलं हे शास्त्र. योआखिम तेव्हा युरोपभर गाजलेला होता. ब्राम्सचं कौतुक खुद्द रॉबर्ट शूमाननं १८५३मध्येच लेख लिहून केलं होतं. या दोघांना गृहपाठ करायला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी शाळकरी पोरांसारख्या वह्या भरल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे हे वाचताना मला आधी कोड रिव्ह्यू आठवला. ब्राम्सनं याच काळात चार आवाजांसाठी आणि ऑर्गनसाठी एक धार्मिक गीत रचून पाठवलं. योआखिमला ते आवडलं, पण काही जागा कानाला खटकतात, असंही त्यानं कळवलं. बावीस वर्षांनी, १८७८मध्ये, ब्राम्सनं त्याला आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोतला एकल वादकाचा भाग पाठवला आणि सांगितलं, की अवघड, गैरसोयीचं, अशक्य वाटेल ते स्पष्ट लिही. योआखिमनं लिहिलं. ब्राम्सनं काही सूचना घेतल्या, काही सोडून दिल्या. १ जानेवारी १८७९ला लाइपझिगमध्ये योआखिमनंच तो कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला.

इतकी वर्षं चुका दाखवूनही मैत्री का टिकली? मला वाटतं, कागद तपासायलाच दिलेला होता म्हणून. आणि दोघांचेही कागद टेबलावर होते म्हणून. आज मी तुझी चूक काढली, तर पंधरा दिवसांनी तू माझी काढणार. शिवाय चूक सुरावटीत होती, माणसात नव्हती.

मग गोष्ट माणसावर आली.

योआखिमची बायको आमाली उत्तम गायिका होती. त्यांच्या एका मुलाचं नाव ब्राम्सवरूनच योहानेस ठेवलेलं. पुढे योआखिमला संशय आला, की आमालीचे प्रकाशक फ्रिट्झ झिमरॉकशी संबंध आहेत. झिमरॉक ब्राम्सचाही प्रकाशक. ब्राम्सला हा आरोप खोटा वाटत होता. डिसेंबर १८८०मध्ये त्यानं आमालीला लांबलचक पत्र लिहिलं : तुझ्यावर माझा विश्वास आहे आणि योआखिमचा संशयी, स्वतःला नि इतरांना छळणारा स्वभाव मी फार पूर्वीपासून ओळखतो. हे पत्र घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आलं. न्यायालयाला आमालीवरचा आरोप पटला नाही. योआखिमनं ब्राम्सशी मैत्री तोडली. त्याचं संगीत मात्र तो वाजवत राहिला.

ब्राम्स चुकला का? माझ्याकडे या प्रश्नाचं एक घरगुती रूप आहे. आमच्या टीममध्ये एकदा प्रॉडक्शनवरचा डेटा उडाला. ठपका बसत होता सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीवर. स्क्रिप्ट चालवली होती माझ्या मित्रानं, कॉलेजपासूनच्या रूममेटनं, आणि तो गप्प होता. मॅनेजरनं मला विचारलं. मी लॉग पाठवले. ते पाठवण्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्याच मेलमध्ये मी आणखी एक वाक्य लिहिलं : त्याला पहिल्यापासूनच स्वतःची चूक कबूल करणं जड जातं. त्या मुलीची नोकरी वाचली. मेल फिरत फिरत मित्रापर्यंत पोचला. दोन वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही.

लॉग सगळ्यांचे होते. ते वाक्य मात्र मला मैत्रीतून मिळालेलं होतं. रात्री दोनला चहा पिताना, परीक्षेत नापास झाल्यावर, मित्र आपल्याला जे दिसू देतो, ते तपासायला दिलेलं नसतं. ब्राम्सनंही नेमकं तेच वापरलं. फरक इतकाच, की तिथे आरोपच संशयावर उभा होता. संशय घेणारा कसा आहे, हे सांगितल्याशिवाय आमालीची बाजू पुरी होत नव्हती. तिच्याकडे लॉग नव्हते. म्हणून मी ब्राम्सला बरोबर मानतो. जिच्यावर अन्याय होतोय तिचा हक्क मैत्रीच्या आधी येतो. माझ्या प्रकरणात लॉग पुरेसे होते. ते एक वाक्य मी रागानं लिहिलं होतं आणि त्याला न्यायाचं नाव दिलं होतं.

पण बरोबर असूनही ब्राम्सला किंमत चुकवावी लागलीच. योआखिमचं लग्न १८८४मध्ये कायद्यानं संपलं. त्यानंतरही अबोला सुटत नव्हता. मग १८८७च्या उन्हाळ्यात ब्राम्सनं व्हायोलिन आणि चेलो, या दोन वाद्यांसाठी मिळून एक कॉन्चेर्टो लिहिला आणि योआखिमला कळवलं. नको असेल तर कार्डावर तेवढंच लिही, बाकी मला समजेल. योआखिमनं नको म्हटलं नाही. १८ ऑक्टोबरला कोलोनमध्ये तो आणि चेलोवादक रोबर्ट हाउसमान वाजवत होते आणि ब्राम्स संचालन करत होता. क्लारा शूमाननं या रचनेला समेटाची रचना म्हटलं. पूर्वीची ऊब सगळी परत आली नाही, पण दोघं पुन्हा एका कागदावर काम करू लागले.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की समेटासाठी ब्राम्सनं आमालीबद्दलचं म्हणणं मागे घेतलं नाही. खरं बोलल्याची माफी मागायची गरज नसते. पहिलं पत्र मात्र आपणच पाठवायचं असतं.

माझं देणं ब्राम्सपेक्षा जास्त आहे. लॉगबद्दल नाही, त्या एका वाक्याबद्दल मला माफी मागायची आहे. सोबत एक प्रोग्रॅम पाठवणार आहे, गेले तीन आठवडे मला न सुटलेला. बघ जमतंय का. नको असेल तर ‘नको’ एवढंच लिही.