मूळ प्रतीला हात न लावता

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचं कर्नल असतं. लष्करातला कर्नल नव्हे. या कर्नलचा शब्दशः अर्थ दाणा, गर. सोर्स कोडमधून हा दाणा तयार करताना सोर्सचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवता येतं. 'मेक' या कमांडला दुसऱ्या फोल्डरचा पत्ता दिला, की आपली सेटिंग्ज आणि तयार होणाऱ्या फायली तिकडे जातात. मूळ फोल्डरात आधीच्या बिल्डचा कचरा उरला असेल, तर 'मेक' थांबतं आणि आधी तो साफ करायला सांगतं.

पण ज्या कोडमध्ये बदल करण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, त्याच्या मूळ प्रतीला कुलूप कशाला?

परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी बघा. पुसा सावनी या वाणाचा दुसऱ्या प्रजातीशी संकर करून, हळद्या रोगाला तोंड देणारी ही भेंडी तयार झाली. म्हणजे ती बदलातूनच आली. तरीही वाण ठरला की त्याचं पैदासकार बियाणं वेगळं जपावं लागतं. त्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित बियाणं होतं. पिशव्यांना अनुक्रमे पिवळा, पांढरा, निळा टॅग असतो. पिकात भेसळ निघाली, तर ती कुठल्या पायरीवर झाली हे शोधता येतं.

इथे शेतकऱ्याचं स्वातंत्र्य जात नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानुसार तो आपल्या शेतातलं बी राखू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. लिनक्सच्या जीपीएल परवान्याची अटही याच जातीची आहे: कोड खुशाल बदला, पण बदललेल्या फाइलमध्ये तसं तारखेसह नोंदवा.

म्हणून हे कुलूप मूळ प्रत पवित्र आहे म्हणून नसतं. हजारो लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये मी गुपचूप एक ओळ घातली आणि कुणाचा फोन बंद पडला, तर दोष त्या हजारांवर जाईल. बदल वेगळा ठेवला, तर श्रेय माझं आणि जबाबदारीही माझीच. बदलायचं स्वातंत्र्य हवं असेल, तर बदलाखाली आपलं नाव लिहायची तयारी हवी.